वाचकांचे प्रश्न : आयुष्मानच्या क्लेममधून संशोधन

सरकारी आरोग्य विम्याचे क्लेम वैद्यकीय संशोधनाला कितपत उपयोगी पडतात, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. इंदूरहून सर्वांत जास्त पत्रं आली, एक बडोद्याचं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

माझ्या एमडीच्या प्रबंधासाठी ‘आयुष्मान भारतच्या क्लेमवरून इंदूर जिल्ह्यातलं मधुमेहाचं प्रमाण’ असा विषय ठरतो आहे. गाईड म्हणतात, लाखो नोंदी आयत्या मिळतात, घरोघर हिंडायची दगदग नाही. विषय चालेल का?
– कम्युनिटी मेडिसिनची विद्यार्थिनी, इंदूर

नाही चालणार. नोंदी लाख असोत की कोटी, त्याने हा प्रश्न सुटत नाही. आयुष्मान योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं कवच आहे, पण ते भरती झालेल्या पेशंटसाठी. ओपीडी त्यात नाही. मधुमेहाच्या माणसाचं सगळं आयुष्य ओपीडीत आणि मेडिकलच्या दुकानात जातं. क्लेममध्ये तो उगवतो तो पायाला गँगरीन झाल्यावर, नाहीतर डायलिसिसला लागल्यावर. तेव्हाही पॅकेज, म्हणजे एका उपचाराचा ठरलेला दर, पायाच्या ऑपरेशनचं असतं; मधुमेह हा शब्द त्या ओळीत असेलच असं नाही.

क्लेम हा बिलाचा कागद आहे, केस पेपर नव्हे. कुठला रकाना कशासाठी भरला गेला हे विचारलं, की तो कितपत खरा धरायचा ते बऱ्यापैकी कळतं. नमुन्यादाखल आम्ही बनवलेली ही एक ओळ बघा:

पुरुष, वय ५८, जिल्हा इंदूर, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट, भरती ४ मार्च, डिस्चार्ज ७ मार्च, घरी सोडले, क्लेम मंजूर.

वय आणि लिंग आधारवरून येतं, ते धरून चाला. अँजिओप्लास्टी झाली यावरही विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण पैसे त्याचेच मिळतात आणि मिळण्यापूर्वी स्टेंटचं स्टिकर, आधीच्या-नंतरच्या अँजिओग्राफीची चित्रं अपलोड करावी लागतात. जिल्हा मात्र कार्डावरचा. खरगोनचा माणूस दहा वर्षं पालद्याच्या कारखान्यात कामाला असला तरी ओळीत खरगोनच दिसू शकतो. तारखा साधारण बरोबर. ‘घरी सोडले’ याचा अर्थ बरा झाला असा नाही. आपल्याकडे शेवटच्या घटकेला पेशंटला घरी नेतात, आणि तो मृत्यू या कागदावर कधीच येत नाही. साखर किती, बिडी ओढतो का, वजन किती, आधी कुठल्या गोळ्या चालू होत्या – काही नाही. पैसे त्यावर अवलंबून नाहीत, म्हणून कुणी लिहिलं नाही.

दुसरी अडचण छेदाची. प्रमाण काढायचं तर खाली किती माणसं धरायची? सुरुवातीला २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून देशात १०.७४ कोटी कुटुंबं पात्र धरली होती, जानेवारी २०२२ मध्ये तो आकडा १२ कोटी झाला. कार्ड काढलेल्यांची संख्या छेदात घालाल तर आणखी फसाल, कारण कितीतरी लोक कार्ड काढतात तेच मुळी भरती व्हायची वेळ आल्यावर. म्हणजे छेदात आजारीच जास्त. पुढे २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या वयाचे सगळे, उत्पन्न काहीही असो, योजनेत आले. त्यानंतर म्हाताऱ्यांचे क्लेम वाढलेले दिसले, तर तो दरवाजा उघडल्याचा परिणाम आहे, साथीचा नव्हे.

विषय बदलायची मुभा असेल तर ‘प्रमाण’ हा शब्द सोडून द्या. क्लेमला झेपतील असे प्रश्न वेगळे असतात: गुडघा बदलण्यासाठी तुमच्या जिल्ह्यातले लोक किती लांब जातात, गर्भाशय काढलेल्या बायकांची वयं काय आणि ती तालुक्यागणिक बदलतात का, डायलिसिसचा पेशंट वर्षातून किती फेऱ्या चुकवतो. या तिन्हींत मोजायची गोष्ट म्हणजे पैसे मिळालेली प्रक्रियाच आहे. फक्त एक पाहून घ्या: राज्यं काही पॅकेजेस सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवतात, आणि पॅकेजची यादीही बदलत आली आहे. सुरुवातीला १,३९३ पॅकेजेस होती, २०२२ च्या यादीत १,९४९ प्रक्रिया आहेत. जुना कोड दोन-तीन नव्या कोडांत फुटलेला असतो. जुना-नवा जोडणारा तक्ता हाताने बनवल्याशिवाय वर्षांची तुलना करू नका. नाहीतर ज्या महिन्यात यादी बदलली त्याच महिन्यात तुमच्या आलेखाला पायरी पडेल.

एका धर्मादाय रुग्णालयाचे तीन वर्षांचे आयुष्मानचे क्लेम, नावं काढून, माझ्याकडे आले आहेत. डिस्चार्जनंतर ३० दिवसांत किती पेशंट पुन्हा भरती होतात ते काढायचं आहे. पहिल्या हिशेबात जवळजवळ निम्मे आले. डॉक्टर हसले. कुठे चुकलं?
– डेटाचं काम करणारा, विजय नगर, इंदूर

तुम्ही बहुधा ओळी मोजल्यात. क्लेमची ओळ आणि भरती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया झाल्या तर प्रत्येकीची ओळ वेगळी येते. सगळ्यांत महागड्या शस्त्रक्रियेचे १०० टक्के, दुसरीचे ५० आणि तिसरीचे २५ टक्के देण्याचा नियम आहे. म्हणून आधी पेशंटचा क्रमांक आणि भरतीची तारीख यावर सगळं लावून घ्या, आणि तीच तारीख असलेल्या ओळी मिळून एक भरती करा. रक्कम बेरीज करून ठेवा, पॅकेजचे कोड एका यादीत.

मग डायलिसिस आणि केमोथेरपी वेगळी काढा. डायलिसिस आठवड्याला दोन-तीनदा, केमो दर काही आठवड्यांनी. प्रत्येक वेळी नवा क्लेम. हे ठरवून आलेले पेशंट आहेत, बिघडून आलेले नव्हेत. रेडिओथेरपी, आणि मुतखड्याच्या ऑपरेशनमध्ये घातलेला स्टेंट काढायला येणारे, तेही याच गठ्ठ्यात. तुमचे निम्मे इथेच निम्म्याहून कमी होतील.

आता स्थितीचा रकाना बघा. पूर्वमंजुरी मिळाली पण पेशंट आलाच नाही, अशा रद्द ओळी काढून टाका. नामंजूर क्लेम मात्र ठेवा. इथे बहुतेक जण चुकतात: पैसे नाकारले म्हणजे भरती झालीच नाही असं नाही, कागद अपुरे पडले इतकंच असू शकतं. खर्चाचा अभ्यास असता तर नामंजूर काढले असते, आजाराच्या अभ्यासात ते राहू द्यायचे. संशयास्पद म्हणून नाकारलेले असतील आणि कारणाचा रकाना तुमच्याकडे असेल, तर तेवढे बाजूला ठेवून हिशेब दोनदा करा.

पुढे तारखांचे गुंते. पहिल्या डिस्चार्जच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात भरती असेल तर ती बदली धरा, पुनर्भरती नव्हे. दुसरी भरती पहिल्या डिस्चार्जच्या आधीच सुरू झालेली दिसली तर लगेच ‘घोटाळा’ म्हणू नका. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात देशभर ४८,३८७ पेशंटचे ७८,३९६ क्लेम असे एकमेकांवर चढलेले निघाले होते. त्यावर योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने दिलेलं एक कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे: बाळ एका रुग्णालयात जन्मतं, त्याला नवजात अतिदक्षता विभागासाठी दुसरीकडे हलवतात, आणि त्याचा क्लेम आईच्याच कार्डावर लागतो. तुमच्या फाईलमध्ये बाळंतपणानंतर दोन दिवसांत त्याच बाईच्या नावावर नवजात शिशूचं पॅकेज दिसेल, ते असंच आलेलं असतं. त्या ओळींना वेगळा क्रमांक द्या.

त्याच अहवालात मृत्यू नोंदवल्यानंतरही उपचार दाखवलेले ३,४४६ पेशंट आणि त्यांच्यावर दिलेले ६.९७ कोटी रुपयेही आहेत. तेव्हा मृत्यूच्या तारखेनंतर एखादी ओळ येते का, ही तपासणी स्वतंत्र करा. आल्यास ओळ खोटी की मृत्यूचा शिक्का चुकून पडला, हे केस पेपर बघितल्याशिवाय कळणार नाही.

छेद दोनदा छाटायचा. पहिल्या भरतीतच मरण पावलेले पुन्हा भरती होऊ शकत नाहीत, त्यांना काढा. आणि तुमचा डेटा ३१ मार्चला संपत असेल तर १ मार्चनंतर सुटलेल्यांचे ३० दिवस पुरे झालेले नाहीत, तेही काढा. शिवाय शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे सगळे क्लेम अजून चढलेले नसतात. आम्ही असतो तर शेवटची तिमाही सरळ सोडून दिली असती.

एवढं करून जो आकडा येईल तो आता खऱ्यापेक्षा कमी असेल. का? तुमच्याकडे एकच रुग्णालय आहे. चिघळलेला पेशंट रागावून दुसरीकडे गेला तर तुम्हाला दिसणार नाही. कुटुंबाचे ५ लाख संपले असतील तर तो पैसे मोजून भरती झाला, तोही दिसणार नाही. आणि सगळ्यांत बारीक मेख: पॅकेजच्या रकमेतच डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले असतात. त्या काळात टाके पिकले म्हणून परत आलेल्या पेशंटचा नवा क्लेम लावायचं रुग्णालयाला कारणच उरत नाही. एक सोपा आलेख काढा: आडव्या अक्षावर डिस्चार्जनंतरचे दिवस १ ते ३०, उभ्या अक्षावर पुनर्भरती. पंधराव्या दिवसापर्यंत आलेख दबलेला आणि सोळाव्यापासून उसळलेला दिसला, तर तुम्ही जखम नव्हे, नियम मोजता आहात. तसं असेल तर ३० दिवसांचा एक आकडा छापण्यापेक्षा १ ते १५ आणि १६ ते ३० असे दोन छापा आणि कारण खाली लिहा.

तैवान आणि कोरियाच्या राष्ट्रीय विम्याच्या डेटावरून अमुक गोळीने मृत्यू निम्मे झाले, तमुक गोळीने कॅन्सर टळला, असे निबंध सारखे येतात. लाखो लोकांचा अभ्यास असतो. विद्यार्थ्यांना काय सांगावं?
– फार्मसी महाविद्यालयातले शिक्षक, इंदूर

त्यांचा डेटा आपल्यापेक्षा फार श्रीमंत आहे, हे आधी मान्य करू. तैवानचा राष्ट्रीय विमा १ मार्च १९९५ ला सुरू झाला आणि ९९ टक्क्यांहून जास्त लोक त्यात आहेत. ओपीडी, भरती, औषधाची प्रत्येक चिठ्ठी, किती दिवसांची, सगळं नोंदलेलं. कोरियात सार्वजनिक विमा एकाच संस्थेकडे आहे. तिने २००२ पासूनचा सुमारे दहा लाख लोकांचा नमुना संशोधकांसाठी तयार केला, आणि त्याला नियमित आरोग्य तपासणीतली साखर, रक्तदाब, सिगरेट यांची माहिती जोडलेली आहे. आयुष्मानमध्ये औषध पॅकेजच्या पोटात गेलेलं असतं, त्यामुळे कुठली गोळी दिली हे कळायची सोयच नाही. तिथले निबंध वाचून इथे तसंच करायला जाऊ नये.

पण श्रीमंत डेटातही एक जुनी चूक पुन्हा पुन्हा होते. फळ्यावर हे गणित मांडा. समजा एक गोळी आहे जी काहीच करत नाही, ना चांगलं ना वाईट. मधुमेहाचं निदान झाल्यापासून लोकांचा मागोवा घेतला. १,००० जणांना ही गोळी सरासरी दोन वर्षांनी सुरू झाली. गोळी सुरू झाल्यावर ते मिळून ३,००० वर्षं जगले आणि त्या काळात ९० मेले. हजार वर्षांमागे ३० मृत्यू. गोळी कधीच न घेतलेले लोक मिळून ४,००० वर्षं जगले आणि १८० मेले.

आता लेखक गोळीवाल्यांचा काळ निदानापासून मोजतो. म्हणजे थांबलेली दोन-दोन वर्षं, एकूण २,०००, गोळीच्या खात्यात जातात. ९० भागिले ५,०००, हजारी १८. न घेणाऱ्यांचे १८० भागिले ४,०००, हजारी ४५. १८ आणि ४५. निबंधाचं शीर्षक तयार – मृत्यू ६० टक्क्यांनी घटले! खरं तर त्या दोन वर्षांत गोळीवाला मरूच शकत नव्हता, मेला असता तर गोळीपर्यंत पोचलाच नसता. ती २,००० वर्षं न घेण्याच्या खात्यात टाका: १८० भागिले ६,०००, हजारी ३०. दोन्हीकडे ३०. गोळी निरुपद्रवी, फायदा शून्य. याला अमर काळाची चूक म्हणतात.

विद्यार्थ्यांना निबंध हातात दिलात की आधी हेच शोधायला लावा: मोजणी कुठल्या दिवसापासून सुरू झाली? ती गोळीच्या पहिल्या चिठ्ठीपासून असावी, आणि तुलनेतल्या माणसालाही त्याच आजारावरची दुसरी एखादी गोळी त्या सुमारास सुरू झालेली असावी. ‘गोळी घेणारे’ विरुद्ध ‘काहीच न घेणारे’ अशी तुलना असली तर निम्मा संशय तिथेच घ्यावा, कारण काहीच न घेणारा एकतर फार बरा असतो नाहीतर इतका खालावलेला की डॉक्टरांनी हात आवरता घेतलेला असतो. मागच्या किमान एका वर्षात ती गोळी घेतलेली नाही हे पाहून मगच ‘नवा घेणारा’ म्हणायचं.

मग निदान कसं ओळखलं ते बघा. तपासणीचे पैसे मिळावेत म्हणून ‘संशयित’ आजाराचा कोड टाकायची रीत सगळीकडे आहे. जपानमध्ये तर त्याला वेगळी खूणच असते. म्हणून एका ओपीडी भेटीवर कुणाला मधुमेही ठरवत नाहीत. एक भरती, किंवा वर्षात दोन भेटी आणि त्यांत किमान महिन्याचं अंतर, शिवाय औषधाची चिठ्ठी, असं काहीतरी लागतं. तैवानमध्ये कॅन्सरसाठी गंभीर आजाराचा दाखला असतो, तो पॅथॉलॉजीच्या पुराव्याशिवाय मिळत नाही. तो वापरला असेल तर निदान पक्कं समजा. आणि तैवानने २०१६ मध्ये आजारांच्या कोडांची नववी आवृत्ती सोडून दहावी घेतली. त्या वर्षी एखादा आजार अचानक वाढला किंवा घटला असेल तर आधी कोड तपासावा.

हे ऐकून अशा अभ्यासांना हसण्यावारी नेऊ नये. पियोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीचं उदाहरण इथल्या प्रत्येक मधुमेहतज्ज्ञाला आठवत असेल. फ्रान्सच्या राष्ट्रीय विम्याच्या डेटावर जवळपास १५ लाख मधुमेहींचा अभ्यास झाला; गोळी घेणाऱ्यांत मूत्राशयाचा कॅन्सर सुमारे २२ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि जास्त डोस, जास्त काळ घेणाऱ्यांत वाढ आणखी मोठी. जून २०११ मध्ये फ्रान्सने गोळी बंद केली. भारतात जून २०१३ मध्ये विक्री थांबवली आणि जुलैअखेर वेष्टनावर इशारा छापायच्या अटीवर पुन्हा सुरू केली. एकाच पुराव्यावरून दोन देश दोन ठिकाणी पोचले, कारण २२ टक्के ही मुळात दुर्मिळ असलेल्या आजारातली वाढ आहे आणि गोळी स्वस्त आहे. इतका विरळ धोका एका शहराच्या रुग्णालयांच्या डेटात कधी दिसला नसता. क्लेमच्या डेटाची खरी जागा ही.

यजमानांचं वय ७६. सत्तरीच्या वरच्यांना मिळणाऱ्या कार्डावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता हा डेटा संशोधनाला देतात म्हणे. त्यांचं नाव, आजार कुणालाही कळेल का? नको म्हणता येतं का?
– एक गृहिणी, रामबाग, इंदूर

संशोधकाला नाव, आधार क्रमांक, मोबाईल द्यायचा नसतो. त्याऐवजी एक बनावट क्रमांक असतो, ज्यावरून ‘हा तोच माणूस’ एवढंच कळतं. इंदूरमध्ये मोतीबिंदू झालेले ७६ वर्षांचे पुरुष पुष्कळ, त्यामुळे त्या गर्दीत तुमचे यजमान सुरक्षित आहेत.

धोका विरळ माणसाला असतो. एखाद्या पिनकोडात ९४ वर्षांची एकच बाई, खुब्याचं ऑपरेशन, भरती अमुक तारखेची. नाव काढूनही तिच्या गल्लीतला कुणीही ओळखेल. म्हणून चांगल्या व्यवस्थेत पिनकोडाऐवजी जिल्हा देतात, नेमक्या वयाऐवजी ‘९० च्या वर’, तारखेऐवजी महिना किंवा सगळ्या तारखा प्रत्येक पेशंटपुरत्या सारख्याच दिवसांनी सरकवून. छापताना लहान आकडे झाकतात: अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात ११ पेक्षा कमी माणसांचा आकडा छापत नाहीत, जपानमध्ये १० पेक्षा कमी.

नको म्हणण्याचं विचारलंत. नेमक्या याच मुद्द्यावर तैवानमधले काही नागरिक कोर्टात गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या घटनापीठाने सांगितलं की विम्याचा डेटा मूळ हेतूपलीकडे वापरताना लोकांना ‘माझा नको’ म्हणायची सोय कायद्यात नाही हे घटनेला धरून नाही, आणि तीन वर्षांत दुरुस्ती करा. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संशोधन आणि सांख्यिकीला सूट देतो, मात्र दोन अटींवर: ठरवून दिलेली मानकं पाळायची, आणि त्या डेटावरून एखाद्या ठरावीक माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही. म्हणजे तुमच्या यजमानांचा क्लेम अभ्यासात गेला म्हणून त्यांचा पुढचा क्लेम अडवणं या सुटीत बसत नाही. कार्डावर उपचार घेतल्याने कुणा संशोधकाला घरी फोन करायचा हक्क मिळत नाही. तसा फोन आला तर ओटीपी सांगू नका, तो संशोधक नसणार.

झाबुआ, अलीराजपूरचे कितीतरी पेशंट उपचाराला दाहोद आणि बडोद्याला येतात. मध्य प्रदेशच्या डेटात ते मोजले जातात का?
– निवृत्त परिचारिका, दांडिया बाजार, बडोदा

योजना देशभर चालते, त्यामुळे झाबुआचं कार्ड बडोद्यात चालतं आणि पैसे मध्य प्रदेश देतो. पण संशोधकाने ‘मध्य प्रदेशातली रुग्णालयं’ अशी चाळणी लावली तर हे सगळे पेशंट गळतात, आणि झाबुआत हृदयविकार फारच कमी असा निष्कर्ष निघतो. चाळणी पेशंटच्या राज्यावर लावायची आणि परराज्यातले क्लेम वेगळे मागून घ्यायचे. उलट ‘गुजरातमधली रुग्णालयं’ घेऊन गुजरातच्या लोकसंख्येने भागलं तर दाहोद उगाच आजारी दिसेल. शिवाय गुजरातने जुलै २०२३ पासून आपल्या कुटुंबांचं कवच १० लाख केलं आहे, तेव्हा खर्चिक उपचारांत दोन राज्यांची सरळ तुलना टाळावी.

डेटा मागायचा कुणाकडे, आणि एथिक्स कमिटीपुढे काय न्यायचं?
– दोन निवासी डॉक्टर, इंदूर

राज्याचा डेटा हवा तर भोपाळची राज्य आरोग्य एजन्सी, अनेक राज्यांचा हवा तर दिल्लीचं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण. पण प्रबंधाला दोन-तीन वर्षंच असतात, तेव्हा आपल्याच रुग्णालयाच्या क्लेमपासून सुरुवात करा. तिथे केस पेपरही हाताशी असतो आणि तोच तुमचा खरा फायदा.

अर्जात ‘सर्व डेटा मिळावा’ लिहिलंत तर कागद फिरत राहील. कुठले रकाने हवेत आणि प्रत्येक कशासाठी, कुठल्या तारखांमधला, कुठली पॅकेजेस, कुठल्या संगणकावर राहील, कोण उघडेल, कधी पुसणार, एवढं दोन पानांत बसवा. त्याबरोबर रिकामे तक्ते जोडा, म्हणजे निकालाचे तक्ते आकड्यांशिवाय. देणाऱ्याला कळतं की काय बाहेर पडणार आहे. तुम्हालाही कळतं की निम्मे रकाने नकोच होते.

एथिक्स कमिटीसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ओळख पूर्ण पुसलेल्या डेटाला सूट किंवा झटपट परीक्षण मिळू शकतं, पण ते ठरवणं कमिटीचं काम. ‘नावं काढली आहेत म्हणून मंजुरी घेतली नाही’ हे नंतर कुठलंही जर्नल ऐकत नाही. केस पेपर उघडणार असाल तर ओळख पुसलेली राहत नाही, ते स्पष्ट लिहा.

आणि पडताळणी प्रबंधातच ठेवा. २०० क्लेम चिठ्ठ्या टाकून निवडा, रेकॉर्ड विभागातून त्यांचे केस पेपर काढा, आणि क्लेममधलं निदान कागदाशी जुळतं का बघा. समजा १६८ जुळले, तर ८४ टक्के, आणि नमुन्याच्या चढउतारासह ७९ ते ८९. पाहणाऱ्याला क्लेमचं निदान आधी दाखवू नका, नाहीतर तो तेच शोधतो. मात्र आजार असून क्लेममध्ये त्याची नोंद राहून गेलेले पेशंट यावरून कळत नाहीत. त्यासाठी उलटं, वॉर्डाच्या रजिस्टरमधून निघून क्लेमकडे जावं लागतं. लिहिताना ‘रेकॉर्ड’ ही २०१५ ची तपासयादी समोर ठेवा, ती अशाच नोंदींसाठी केलेली आहे.

मी एका खाजगी रुग्णालयात आयुष्मान मित्र आहे. रोज पन्नास जण काउंटरवर. आम्ही भरलेलं कुणी संशोधनात वापरतं हे माहीतच नव्हतं. काय नीट भरलं तर उपयोग होईल?
– सुदामा नगर, इंदूर

तीन गोष्टी. बाळाचा क्लेम आईच्या कार्डावर लावावा लागला तर शेऱ्यात ‘नवजात’ आणि बाळाची जन्मतारीख लिहा. पेशंट सल्ल्याविरुद्ध गेला असेल तर ‘डिस्चार्ज’ न लिहिता ‘सल्ल्याविरुद्ध’ असंच लिहा. चिघळलेल्या पेशंटला नातेवाईक घेऊन गेले हे त्या एका शब्दावरून कळतं. आणि मोबाईल. २०२३ च्या त्याच लेखापरीक्षण अहवालात जवळजवळ साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच नंबरावर निघाले. सरकारने सांगितलं की ओळख आधारने पटवतात, मोबाईलला त्यात स्थान नाही, आणि ते खरं आहे. पण ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ‘चालता येतं का’ विचारायचं झालं तर दहा नऊ लावून कुणी उचलत नाही. पेशंटकडे फोन नसेल तर मुलाचा, सुनेचा घ्या आणि कुणाचा आहे ते शेजारी लिहा.